विमलआत्याचे मोडके खडू

पोराच्या वाढदिवसाला विमलआत्या येणार म्हटलं की आमच्या नात्यातल्या समस्त आया पोराची समजूत आधीच काढून ठेवतात. भेट ती चांगलीच आणते. रंगीत खडूंची नवीकोरी पेटी, वर चकचकीत कागद, कागदावर रिबीन. उत्सवमूर्ती रिबीन सोडते, कागद टरकावते, झाकण उघडते आणि भोकाड पसरते. कारण आतला एकूण एक खडू मोडलेला असतो. वाटेत पडून मोडलेला नव्हे. आत्यानं तो हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या दुकानातून आणून, घरी खुर्चीत निवांत बसून, स्वतःच्या हातानं काडकन मोडलेला असतो.

"आत्या, निदान वाढदिवसाला तरी अख्खे द्या हो!" माझ्या बायकोनं, वर्षानं, एकदा आमच्याकडं पुतण्याचा वाढदिवस होता तेव्हा धीर करून म्हटलं.

"अख्खा खडू दिला की पोरं मुठीत धरतात, कुदळीचा दांडा धरल्यासारखा," आत्या म्हणाली. "तुकडा मुठीत धरला तर आत गडप होतो. मग झक मारत चिमटीत धरावा लागतो. लोक पोरांना खडू देतात वर्षा, मी चिमटी देते."

पोर मात्र रडतच होतं. थोड्या वेळानं बघतो तर फरशीवर पालथं पडून, लाल तुकडा चिमटीत धरून, आमच्या नव्या सोफ्याच्या पायाला रंग देत होतं. आत्या शेजारी उकिडवी बसून त्याची बोटं न्याहाळत होती. सोफ्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

विमलआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वडील नांदेडकडून नोकरीसाठी हैदराबादला आले, त्यांच्या पाठोपाठ आत्या शिकायला आली आणि दोघंही इथलेच झाले. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट. सरकारी दवाखान्यात सगळी नोकरी झाली, आणि आता नारायणगुड्यातल्या घराच्या माडीवर पोरं बघते. ज्यांना लिहिता येत नाही, बटण लावता येत नाही, ताटातला घास तोंडापर्यंत जाताना निम्मा सांडतो, अशी पोरं.

या पदवीनं आत्याला आयुष्यभर छळलं. ऑक्युपेशन म्हणजे कामधंदा, एवढं इंग्रजी आमच्या गावाकडच्या नातेवाइकांना येत होतं. त्यामुळं लग्नाकार्यात कुणी ना कुणी तिला बाजूला घेऊन म्हणायचंच, "विमल, आमच्या पोराला कुठंतरी चिकटव की." सुरुवातीला ती समजावून सांगायची. नंतर तिनं तो नाद सोडला. "पाठवून दे," म्हणायची. "कणीक मळायला लावते."

तिच्या माडीवर गेलात तर टेबल-खुर्ची आधी दिसत नाही. छताला टांगलेला झोका दिसतो, चढायची जाळी दिसते, कपडे वाळत घालायची दोरी आणि तिला अडकवलेले ढीगभर चिमटे दिसतात. एक भिंत पोराचा हात पोचेल तिथपर्यंत काळी रंगवलेली. एका परातीत राजगिरा, त्यात पुरलेले चिंचोके. नवखे आईबाप दारातच थबकतात. त्यांना वाटतं पत्ता चुकला.

एकदा मी तिथं बसलो असताना दिलसुखनगरचे एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. काखेत वह्यांचा गठ्ठा. सगळ्या सुलेखनाच्या. "मॅडम, एवढं लिहून घेतलं, तरी अक्षर सुधरत नाही," ते हिंदीत म्हणाले. आत्यानं वह्या चाळल्या, मुलाला जवळ बोलावलं, एक वही त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "फाड."

मुलानं बापाकडं पाहिलं.

"त्याच्याकडं काय बघतो? फाड बेटा. एका हातानं धर, दुसऱ्यानं फाड. लांब लांब पट्ट्या. हां! आता एका हातात चुरगळ, गोळा कर. दुसरा हात लावायचा नाही!"

पोराच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलला तो काय सांगू. बाप मात्र पांढराफटक पडला. तासाभरात सगळं सुलेखन कागदाचे बोळे होऊन जमिनीवर पसरलं. मग आत्या त्या गृहस्थांना म्हणाली, "साहेब, लिहिताना एक हात लिहितो आणि दुसरा कागद धरतो. तुमच्या पोराचे दोन्ही हात एकमेकांना ओळखतच नव्हते. आज ओळख झाली. पेन्सिलीचं पुढं बघू."

पेन्सिलीचं पुढं बघू, हे तिचं पालुपद. "पेन्सिल शेवटी!" असं ती दारातूनच ओरडते. आधी पाठ आणि पोट, कारण पोर ताठ बसलं पाहिजे. मग खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी बोटं. लोक उलट्या बाजूनं सुरुवात करतात, असं तिचं म्हणणं. "खांदा डुगडुगतो, आणि ही माणसं बोटाला मारतात!" तिची भाषाही तिच्या माडीसारखीच. अर्धी मराठवाड्याची, अर्धी दखनी, आणि पोरांशी बोलताना तेलुगू. "मेल्लगा रे कन्ना, मेल्लगा. हळू. कायकू घाई? परीक्षा काय पळून जाती?"

आमच्या आजीनं, म्हणजे तिच्या आईनं, जन्मभर अंगठा उठवला. शिकलेली माणसं हे सांगताना जरा खाली बघतात. आत्या भरसभेत सांगते. "माझी आई अंगठा लावायची. अरे, अंगठा सगळ्यात हुशार बोट! बाकीच्या चौघांना त्याच्याशिवाय सुई उचलता येते का बघा." त्या अंगठ्याच्या घरातली मुलगी शहराच्या पोरांना लिहायला शिकवते, हे वडील येईल त्याला सांगायचे. मीही सांगतो. आत्ताही तेच करतोय.

पण तिची खरी करामत मला कळली ती माझ्याच घरात.

माझी मुलगी यशोधरा, यशू, तेव्हा पहिलीत होती. बडबडी, चौकस, गोष्टी तिखटमीठ लावून सांगणारी. शाळेतून मात्र डायरीत रोज एकच शेरा यायचा, लेखन अपूर्ण. फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत बाई फळा पुसायच्या. मग मधल्या सुट्टीत तिला वर्गात बसवून उरलेलं लिहून घ्यायच्या. सगळी पोरं बाहेर खेळायची आणि ही आत. अक्षरं रेघ सोडून भलतीकडं पळायची, पेन्सिल इतकी दाबायची की मागच्या पानावर हात फिरवला तर आंधळ्यालाही वाचता यावं.

वर्षा आणि मी, दोघं नोकरीवाले, घाबरलेले. मोत्यासारखं अक्षर करून देतो अशी पाटी लावलेल्या दिलसुखनगरच्या एका क्लासात आम्ही तिला घातलं. शाळेतनं आली की पुन्हा पानंच्या पानं. महिन्याभरात यशूच्या पोटात सकाळी दुखायला लागलं. रविवारी दुखायचं नाही. मग एक दिवस ती बुटांची लेस हातात धरून दारात बसली आणि म्हणाली, "पप्पा, मी ढ आहे ना?"

मी खाली बसून तिची लेस बांधली. त्या रविवारी आम्ही आत्याकडं गेलो. लिहिण्याबद्दल बोलायला नव्हे, नुसतं जेवायला. घरातल्या माणसाला घरातलं दुखणं दाखवायचं सुचत नाही.

जेवताना आत्यानं यशूकडं एकदा पाहिलं आणि तिचा घास हातातच राहिला. यशू ताटावर ओणवी झाली होती, डावा हात मांडीवर लोंबकळत होता, डोकं टेबलाला टेकायला आलेलं.

"ही लिहितानाही अशीच बसते?"

"तसं काही नाही," मी म्हणालो.

"हौ, अशीच," यशू म्हणाली.

जेवण झाल्यावर आत्यानं तिला झोक्यावर पालथं झोपवलं, हातांवर चालायला लावलं, भिंतीवर रेघा काढायला लावल्या. उभी रेघ आली. आडवी आली. गोल आला, जरा खरबुजासारखा. तिरकी रेघ काही केल्या येईना. यशू हिरमुसली. आत्या टाळी वाजवून म्हणाली, "शाबास! सापडलं!" आणि आमच्याकडं वळली. "पोरीच्या डोक्यात काही कमी नाही. हात अजून तयार नाही. तिरकी रेघ येत नसलेल्या पोरीकडनं तुम्ही परिच्छेद लिहून घेताय. आणि काय रे बाबू, नाव ठेवताना तिच्या हाताचा विचार केला होतास का? यशोधरा! इंग्रजीत लिहून बघ एकदा. पोरगी नाव लिहिता लिहिताच दमत असेल. उमा ठेवायचं होतंस."

मग तिनं फर्मान काढलं. उन्हाळ्याची सुट्टी लागत होती. सुट्टीभर घरात पेन्सिल दिसता कामा नये. क्लास बंद. वर्षा कळवळून म्हणाली, "आत्या, जेवढं येतंय तेही विसरेल हो ती."

"विसरू दे. चुकीचंच शिकलीय. पेन्सिल शेवटी!"

त्या सुट्टीत आमच्या घराची जी दशा झाली ती शेजाऱ्यांना विचारा. पोळ्यांची कणीक यशूनं मळायची. रुमाल, मोजे तिनं पिळायचे आणि चिमट्यांनी वाळत घालायचे. शेंगा तिनं फोडायच्या. मूठभर चिंचोके एका हातात घेऊन, दुसरा हात न लावता, एकेक चिंचोका अंगठ्यानं पुढं सरकवून वाटीत टाकायचा. करून बघा, मला अजून जमत नाही. संध्याकाळी मी ऑफिसातनं आलो की तिचे दोन्ही पाय धरायचे आणि तिनं हातांवर चालत अपार्टमेंटचा वरांडा पार करायचा. समोरच्या फ्लॅटमधले रेड्डीसाहेब रोज दार उघडून बघायचे. एक दिवस न राहवून त्यांनी विचारलं, "पनिशमेंट आहे का?"

"नाही अंकल," यशू खालूनच म्हणाली, "हस्ताक्षर आहे."

दर रविवारी आत्या यायची. रंगाचा ब्रश आणि पाण्याची बादली देऊन तिला आमच्या कंपाउंडच्या भिंतीपुढं उभी करायची. यशू पाण्यानं भिंतीवर हात भरून रेघा ओढायची, ऊन त्या पिऊन टाकायचं. "इथं चुकलेलं राहतच नाही," यशूनं मला सांगितलं होतं. तिला याचंच फार अप्रूप. सुट्टी संपत आली तेव्हा एका दुपारी तिनं भिंतीवर एक त्रिकोण काढला, त्याखाली चौकोन, झालं घर. तिरक्या रेघा दोन्ही बाजूंनी बरोबर येऊन भेटल्या होत्या. आत्यानं वर्षाला हाक मारली, मला हाक मारली, रेड्डीसाहेबांनाही हाक मारली. आम्ही पोचेपर्यंत छप्पर वाळून गेलं होतं. "पुन्हा काढ," आत्या म्हणाली. यशूनं पुन्हा काढलं. त्या दिवशी आत्यानं पर्समधून पेन्सिल काढली. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी.

शाळा उघडल्यावर आत्या म्हणाली, मी येते. काखेत कापडी पिशवी घेऊन आली. फाटकावर वॉचमननं पिशवी उघडायला लावली. आत जुन्या साडीत गुंडाळलेल्या विटा.

"अम्मा, ईंटां कायकू?"

"पढाई के वास्ते."

त्याला ते पटलं नाही. मला मध्ये पडून आम्ही शाळेवर विटा फेकायला आलेलो नाही हे समजावावं लागलं.

यशूच्या दुसरीच्या बाई, स्रवंती नावाच्या, तरुण होत्या. बिचाऱ्या भांडण होणार या तयारीनं उभ्या होत्या. आत्यानं भांडण काढलंच नाही. "पोरी, जरा त्या टेबलावर बसतेस? पाय खाली लोंबू दे. हां. आता मांडीवर वही घेऊन चार ओळी लिही."

स्रवंतीबाई हसत बसल्या. दोन ओळी झाल्या न झाल्या तोच त्या सरकल्या, पेन घसरलं. "ग्रिप राहत नाही मॅडम."

"तुझी नाही राहत. आणि ही लेकरं दिवसभर अशीच बसतात. बाक मोठे, पाय अधांतरी. सगळा जीव पडू नये म्हणून जातो, लिहायला काय उरणार?" असं म्हणून आत्यानं यशूच्या बाकाखाली विटा मांडल्या. यशूचे पाय टेकले, पाठ आपोआप सरळ झाली. स्रवंतीबाई बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, मलाही तिला सुट्टीत बसवायला आवडत नव्हतं. पोर्शन संपवायचा असतो, वर्ग भरलेला असतो. मी काय करू?"

"तुझा दोष नाही गं," आत्या म्हणाली. "हिला निम्मं लिहू दे, निम्मं तोंडी विचार. आणि सुट्टीत बाहेर सोड. जाळीवर लोंबकळेल ना, तोच तिचा गृहपाठ."

बाईंनी शब्द पाळला. एवढंच नाही, काही दिवसांनी वर्गातल्या निम्म्या बाकांखाली विटा आल्या. वॉचमननंच आणून दिल्या म्हणे.

यशूचं अक्षर मोत्यासारखं झालं का? नाही. अजून जरा चण्याफुटाण्यासारखंच आहे. पण वाचता येतं, वेळेत होतं, आणि सकाळचं पोटदुखणं गेलं ते गेलंच. पुढच्या चौदा एप्रिलला, जयंतीला, आमच्या वस्तीच्या सभागृहात फळ्यावर स्वागत लिहायला पोरं लागत होती. मराठी लिहिणारी पोरं आता इथं फार नाहीत. यशूनं हात वर केला. शाळेतल्या हिंदीच्या जोरावर तिनं "सर्वांचे स्वागत आहे" असं लिहिलं, स्टुलावर उभं राहून. मी आणि वर्षानं फोटो काढ काढ काढले. आत्या चष्मा सावरत फळ्याजवळ गेली, नीट बघून म्हणाली, "शिरोरेघ डोंगरावर चढलीय." मग सभागृहात येणाऱ्या प्रत्येकाला अडवून तो फळा दाखवत राहिली.

आता थोडं अलीकडचं. आत्याचा गुडघा दुखायला लागला. या वयातही पोरांना खेकड्यासारखं चालून दाखवायची हौस, दुसरं काय. डॉक्टरकडं यायला तयार नव्हती. मी तिला जवळजवळ उचलूनच जामबागेतल्या एका हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर श्रीकांत, तिशीतला तेलुगू मुलगा, बारीक दाढी, बोलायला गोड. आत्या त्याच्याशी पहिल्या मिनिटापासून वाद घालत होती. हा व्यायाम नको, तो दे, मांडीचा स्नायू आधी बघ. तो शांतपणे ऐकत होता. मग त्यानं पेन उचललं आणि लिहायला लागला.

आत्या बोलता बोलता थांबली. ती वाक्य अर्धवट सोडते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टरनं कागद पुढं केला. अक्षर चक्क वाचता येत होतं. "समझ में आ रहा है ना, अम्मा?"

"साफ है बेटा," आत्या म्हणाली. बाकी काही नाही. व्यायामावर वाद नाही, औषधावर शंका नाही.

बाहेर आलो, तर ती बाकावर बसली. "बाबू, पेन कसं धरलं होतं पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं.

"अंगठ्याशेजारच्या दोन बोटांच्या बेचक्यात. तशी पकड फार कमी लोकांची असते. त्याला मी दिलीय." तिनं स्वतःची ती दोन बोटं फाकवून दाखवली. "बोटं रबरासारखी मागं वळायची रे त्याची. पेन्सिल धरली की दुखायची, म्हणून फेकून द्यायचा. शाळेनं सांगितलं, हा शिकणारा मुलगा नाही, घेऊन जा. त्याची अम्मा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडायची. सगळं करून बघितलं, मग एक दिवस बेचक्यात पेन्सिल दिली, तर यानं सरळ गोल काढला. मांडीवर येऊन बसला माझ्या, उतरेचना. बाहेर पाटीवर नाव वाचलं तेव्हा डोक्यात आलं नाही. श्रीकांत काय, गल्लोगल्ली असतात."

मी उठलो. "थांब, सांगून येतो त्याला."

तिनं माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. "कायकू? मी आठवायची म्हणजे त्याला आधी ते सगळं आठवायला लागेल. शाळा, अम्माचं रडणं. नीट झालेली पोरं विसरतात रे. विसरलीच पाहिजेत. बाराखडी आली की पाटी कोण जवळ ठेवतं?"

आवाज तिचा नेहमीचाच होता. चष्मा मात्र ती पदरानं बराच वेळ पुसत राहिली. मला तिच्या माडीवरच्या भिंती आठवल्या. आजवर इतकी पोरं तिथं येऊन गेली, आणि त्या भिंतींवर एकाचाही फोटो नाही. मला वाटायचं, तिला त्याची हौस नसेल.

गुडघा आता पुष्कळ बरा आहे. जिना चढते, पोरांपुढं खेकडाही होते. तरी महिना होत आला की तिचा फोन येतो. "बाबू, रविवारी जामबागेत जायचंय. डॉक्टरकडं."

"दुखतंय का?"

"नाही रे. लिहून घ्यायचंय."

डॉक्टर गुडघा तपासतो, हसून म्हणतो, अम्मा, आता औषधाची गरज नाही, पुन्हा यायचीही नाही. आत्या म्हणते, तरी लिहून दे बेटा, म्हातारीच्या लक्षात राहत नाही. मग तो पेन उचलतो, आणि आत्या आपली खुर्ची जरा पुढं ओढते.